म्हाळसा या नावाला ओ

माझं नाव म्हाळसा. हे सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा जरासा बदलतो. मग ती हळूच विचारते, "आणि घरात काय म्हणतात?" घरात म्हाळसाच म्हणतात. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं म्हाळसा हेच नाव लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं तर ताट भर मांडवात उपडं होईल, असा निरोप मी माझ्या होणाऱ्या नणंदेकडून आधीच पोचवला होता. ती बिचारी घाबरली. माझ्या बोलण्याची तिला सवय नव्हती तेव्हा.

शाळेत माझ्या वेळी मालती आणि कुमुद पैशाला पासरी होत्या. एका बाईंनी मला मायेनंच 'मालू' करून पाहिलं. मी ओ दिली नाही. "बहिरी आहेस का गं?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "म्हाळसा म्हणून बघा, चांगलं ऐकू येतं." त्याबद्दल तास संपेपर्यंत बाकावर उभी राहिले, पण ताठ उभी राहिले. लोकांना हे नाव जुनाट वाटतं, वाटो बापडं. जुनं आहेच ते. जुनं आहे म्हणून मला हवं आहे, आणि ते माझ्यापर्यंत कसं आलं हे ऐकल्यावर कुणी नाक मुरडून दाखवावं.

ते मला मिळावं म्हणून माझी रुक्मिणी आत्या वर्षानुवर्षं थांबून राहिली होती. आणि जेव्हा नाव ठेवायची वेळ आली, ठेवायचा मानही तिचाच होता, तेव्हा तिनं जे केलं ते मी सांगणार आहे. नावाचा मला अभिमान आहेच. आत्याचा त्याहून जास्त आहे.

रुक्मिणी आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, मुकुंदरावांची, थोरली बहीण. तिला अक्कलकोटला दिलेली. तिचे यजमान यज्ञेश्वरपंत तिथल्या मठात पूजेअर्चेला असत. गोगलगाय परवडली असे शांत गृहस्थ. घरातलं सगळं बोलणं आत्याच करी. अक्कलकोटात शेजारणींपैकी अर्ध्या मराठी बोलणाऱ्या, अर्ध्या कानडी. आत्यानं त्यातून आपल्यापुरती वाटणी करून टाकली होती. समजूत घालायची असली की मराठी, भांडायचं असलं की कानडी. सोलापुरात आमच्या घरी तिला कानडी फुटलं की वडील टोपी चढवून मुकाट कचेरीत निघून जात, रविवार असला तरी.

तिची आई, म्हणजे माझी आजी, म्हाळसाबाई. आमचं कुळदैवत खंडोबा. सोलापूरजवळच्या बाळ्याला त्याचं देऊळ आहे, वर्षातून एकदा तिथं जाऊन भंडारा उधळला नाही तर आमच्याकडे चैन पडत नाही. खंडोबाला दोन बायका. थोरली म्हाळसा आणि धाकटी धनगराची लेक बाणाई. आमच्या घराण्यात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव बदलायची चाल होती, पण आजी आली ती देवीचंच नाव घेऊन. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावर खंडोबाशेजारी जी बसली आहे तिचं नाव पुसायची कुणाची छाती होती? तेव्हा तेवढं एक नाव राहिलं.

राहिलं खरं, पण ते घेणारं कुणी नव्हतं. आजोबा हाक मारायचे ती "ऐकलंत का" अशी. मुलं आई म्हणत. जावा थोरल्या जाऊबाई म्हणत. सुनेनं तर सासूचं नाव उच्चारायचं म्हणजे पापच. बाईचं नाव लग्नात तांदळांवर लिहितात आणि पुढे जन्मभर कुणी ते तोंडातून काढत नाही, मग एवढा खटाटोप कशाला करतात हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या दारात ते नाव खणखणीत घेणारी एकच बाई होती, मायाक्का धनगरीण. प्लेगच्या वर्षी सगळा गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिला, तेव्हा आमच्या झोपडीशेजारीच मायाक्काच्या मेंढरांचा वाडा बसला होता. आजी तापानं फणफणलेली, माझे वडील तेव्हा अंगावर पिणारे. गावातलं माणूस म्हटलं की लोक चार हात लांब राहत. मायाक्कानं ते पोर उचलून नेलं आणि आजी उठून बसेपर्यंत सांभाळलं. आमच्या ब्राह्मणाच्या घरात या गोष्टीची कुणी वाच्यता करत नसे, पण पुढे मायाक्का दूध घेऊन आली की तिच्यासाठी पाट मांडला जाई तो आजीच्या हातानं. ती उंबऱ्याबाहेरून आरोळी ठोकी,

"म्हाळसा, ए म्हाळसा! हाय का घरात, का मल्हारीनं काढलं भाईर?"

आणि आजी चुलीपुढून तिच्याच बोलीत उत्तर देई, "ओ! हाय की! तुज्या बाणाईच्या छातीवर बसून हाय!"

मग दोघी सवती सवती म्हणून हसत. आत्या सांगे की आईला स्वतःचं नाव आहे हे तिला लहानपणी मायाक्कामुळे कळलं. आणि त्या हाकेवर आई जी ओ देई ती घरातल्या कुठल्याच हाकेवर देत नसे. त्या ओ मध्ये ती कुणाची बायको नसे, कुणाची आई नसे. तेवढ्यापुरती ती नुसती म्हाळसा असे.

आता माझ्या आईकडे येते. तिचं नाव शकुंतला. लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी मार्गशीर्षात तिला बाळ्याच्या यात्रेला नेलं. छकड्यातून उतरून सगळ्याजणी देवळात शिरल्या, वाघ्या-मुरळींची गर्दी उसळली, भंडाऱ्यानं पुढचं माणूस दिसेना, आणि नवी सून हरवली.

ती देवळाच्या पायरीवर बसून रडत होती. तिथल्या पुजाऱ्यानं विचारलं, "बाळ, कुणाच्या घरची गं तू?"

आई गप्प.

"नवऱ्याचं नाव सांग."

आईनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"बरं, सासऱ्याचं सांग."

तेही कसं घ्यायचं?

"अगं, सासूचं तरी सांगशील?"

आई सांगे, तिला वाटलं की आता काही बोललं नाही तर आपण इथेच राहणार. म्हणून तिनं गाभाऱ्यात देवाशेजारी बसलेल्या देवीकडे बोट दाखवलं. "त्या," ती म्हणाली.

"त्या काय?"

"त्या माझ्या सासूबाई."

झालं! शेजारी उभी असलेली मुरळी ओरडली, "देवी आली गं हिच्या अंगात!" आणि चहूकडून भंडारा पडायला लागला. कुणी ओटीत नारळ घातला. म्हाताऱ्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. एकीनं विचारलं, "माझ्या लेकाला गिरणीत काम लागंल का आई?" आई हुंदके देत म्हणाली, "मला घरी जायचंय." त्या बाईनं त्याचाही अर्थ लावला आणि समाधानानं निघून गेली.

रुक्मिणी आत्यानं तिला शोधून काढलं तेव्हा ती नखशिखांत पिवळी झाली होती आणि ओटीत नारळ मावत नव्हते. आत्या आधी हसली, मग तिला पोटाशी धरलं, मग गर्दीला कानडीतून चार शब्द सुनावून वाट करत बाहेर घेऊन आली.

तेव्हापासून आमच्याकडे आईला 'देवीची सून' म्हणत. आजीला तर सुनेचा कोण अभिमान! नव्या पेठेत भाजी घ्यायला गेली तरी तिथे थांबून सांगे, "आमची शकुंतला. यात्रेत हरवली, रडून रडून डोळे सुजले, पण माझं नाव म्हणून घेतलं नाही!" तिनं हे प्रेमानंच सांगितलं, आईनं ते प्रेमानंच ऐकलं, आणि तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

पुढच्याच वर्षी मानमोडीची साथ आली. तापानं माणसं तीन दिवसांत जात होती. आजी गेली. अक्कलकोटला निरोप पोचून आत्या येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला आईचं तोंड दिसलं नाही. ती आली आणि माजघरात भिंतीला टेकून बसून राहिली. रडेना, बोलेना.

मायाक्काला काही ठाऊक नव्हतं. साथीमुळे तीही बरेच दिवस गावात आली नव्हती. ती नेहमीसारखी आली आणि उंबऱ्याबाहेरून तिनं आरोळी दिली,

"म्हाळसा, ए म्हाळसा! हाय का घरात?"

घरात सगळे होते. कुणी ओ दिली नाही.

"ए म्हाळसा! आगं, ओ दे की!"

आत्या मला सांगे, "मी तोंड उघडलं गं. पण ती ओ माझी नव्हती. कुणाचीच नव्हती." मग ती उठली, बाहेर गेली आणि मायाक्काच्या गळ्यात पडून रडली. आमच्या आळीतल्या लोकांनी खिडक्यांतून ते पाहिलं. आत्यानं त्यांना पाहू दिलं.

त्या दिवशी तिच्या मनानं घेतलं की या घरात पुन्हा म्हाळसा म्हटल्यावर ओ देणारं कुणीतरी आलं पाहिजे.

आता यात अडचण कशी होती ते बघा. आमच्यात बाळाचं नाव ठेवते आत्या. बारशाला पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात ती नाव सांगते, आणि आत्यानं सांगितलं तेच नाव. रुक्मिणी आत्याला स्वतःला तिघे मुलगे. आणि मुलगी झाली असती तरी तिच्या मुलीचं नाव ठेवायचा मान तिच्या नणंदेचा. तेव्हा आईचं नाव परत आणायची तिला एकच वाट होती, भावाला मुलगी होणं. भाऊही एकुलता एक. आणि माझ्या आईची कूस उजवायचं नाव नाही. वर्षामागून वर्षं गेली. आत्या दर मार्गशीर्षात अक्कलकोटहून येई, बाळ्याला जाऊन देवीची ओटी भरी. लोक देवाकडे मुलगा मागतात. ही भावासाठी मुलगी मागायची. पुजाऱ्यालाही त्याचं आश्चर्य वाटे.

मी झाले एकोणीसशे सव्वीस साली. आईला माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सोलापुरातच करायचं ठरलं, आणि ते करायला आत्या आली. येताना तिनं डिंक, खारका, बाळंतशेपा असं सगळं आणलं, आणि एक कुंची आणली. आजीच्या चोळीचा जपून ठेवलेला हिरवा खण होता, त्याची तिनं ती शिवली होती. मला अंघोळ घालून, धुरी देऊन तिनं ती कुंची माझ्या डोक्यावर बांधली आणि म्हणे बराच वेळ नुसती बघत बसली. नाव तोंडातून काढलं नाही. बारशाआधी काढायचं नसतं.

आठ-नऊ दिवसांनी शेजारची सुंदरम्मा बाळ बघायला आली. ती तेलुगू, तिच्या घरी माग होते. खाटेशी बसून तिनं आईला सहज विचारलं, "पिल्लाचं नाव काय ठेवणार?"

आई म्हणाली, "मालती."

आत्या शेगडी घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. शेगडी खाटेखाली सरकवली, निखारे सारखे केले, आणि त्या निखाऱ्यांशी कानडीत बोलायला सुरुवात केली. सुंदरम्माला कानडी थोडंफार कळत होतं. ती लगबगीनं उठून गेली.

वडिलांना विचारलं तर त्यांचे दोन्ही डगरींवर हात. "अक्का, मान तुझा. पण बाळ तिचं. पण मान तुझा." त्यांच्याकडून एवढंच निघालं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. आत्या बाळंतिणीचं काही कमी करत नव्हती. तेल लावी, शेक देई, खिरीत तूप घाली, पण सगळं तोंड मिटून. बारसं उद्यावर आलं तेव्हा तिला राहवलं नाही. माझ्या अंगाला तेल चोळता चोळता ती म्हणाली,

"शकुंतला, एक विचारते. माझ्या आईचं नाव तुला गावंढळ वाटतं का?"

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "वन्सं, असं कसं बोलता?"

"मग मालती कुठून आली? पुण्याची मासिकं वाचून?"

"वन्सं, बाळ्याची यात्रा आठवते तुम्हाला? मी हरवले होते ती?"

"आठवते. त्याचं काय इथं?"

"त्या दिवशी माझ्या तोंडात एक नाव नव्हतं. सगळी माणसं माझी, आणि एकाचंही नाव मला घेता येईना. उद्या ही हरवली तर मी काय म्हणून ओरडू?" आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तुम्ही तिला नावानं हाक माराल. सुंदरम्मा मारील, मायाक्का मारील, सगळी आळी मारील. आणि मी तिची आई, जन्मभर 'अगं ए' 'अगं ए' करत तिच्यामागं फिरू? इतक्या वर्षांनी झाली हो. मला तिला हाक मारायचीय."

आत्याचा तेलाचा हात थांबला.

"आणि सासूबाईंनी सगळ्या पेठेत सांगितलंय," आई पुढे म्हणाली, "माझी सून माझं नाव घेत नाही म्हणून. त्या गेल्यावर मी त्यांना खोटं पाडू? ते माझ्यानं व्हायचं नाही."

आत्या मला सांगे, "मला तुझ्या आईचा राग आला होता ना, तो तिथल्या तिथं गेला, पण त्याच्या जागी काय ठेवावं ते कळेना." तिनं माझं अंग पुसलं, मला कुंचीत गुंडाळलं आणि आईच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "बरं. तुझी लेक, तुझी हाक. मालती तर मालती." आणि परसात जाऊन उगाचच स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासत बसली.

बारशाला घर भरलं होतं. पाळण्याला फुलं बांधली होती. घुगऱ्या शिजल्या होत्या. मायाक्काही आली होती, माझ्यासाठी मऊ लोकरीची लहानशी घोंगडी घेऊन. ती ओसरीवर बसली होती. सवतीच्या नातीचं बारसं, तेव्हा मायाक्काचा मान होताच. बायकांनी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, मग मला पाळण्यात ठेवलं, आणि सगळ्याजणी आत्याच्या मागे सरसावून उभ्या राहिल्या. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आत्या सगळ्यांनाच बोललेली, त्यामुळे हात शिवशिवत होते.

आत्या वाकली. आणि वाकलेलीच राहिली. मग ती सरळ झाली, मागे वळली.

"शकुंतला, इकडे ये."

बाळंतीण पाटावर बसलेली. तिला कळेना. आत्यानं जाऊन तिला हाताला धरून पाळण्याशी आणलं.

"नाव ठेवायचा मान कुणाचा?" आत्यानं मोठ्यानं विचारलं.

"तुमचा, वन्सं."

"मग माझा मान मी कुणालाही देईन. मी तो तुला दिला. आता तू सांग तिच्या कानात. मालती सांगायचं तर मालती सांग, मी धपाटे खाईन आणि साखर वाटीन, मनात काही धरणार नाही. पण दुसरं नाव सांगावंसं वाटलं आणि जीभ अडखळली, तर एवढं ऐकून ठेव. सासूचं नाव घेतलं तर राग कुणाला यायचा? सासूला. ती गेली. तिच्यामागं तिची लेक मी. तिच्या वतीनं रागवायचा हक्क माझा, आणि मी रागवत नाही. उलट मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय."

आमच्या चुलत घराण्यातली चिमाबाई म्हणून एक म्हातारी होती. ती म्हणाली, "अगं बाई, सुनेनं सासूचं नाव घ्यायचं म्हणजे..."

"चिमाकाकू," आत्या म्हणाली, "सासू तिची, पण आई माझी." आणि त्याच्यापुढे एकच कानडी शब्द घातला. चिमाकाकू गप्प बसली.

आई पाळण्यावर वाकली. खूप वेळ वाकून होती म्हणे. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. इतकी वर्षं जपलेली गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं दुसरीच्या ओंजळीत टाकली होती, आणि तिथून ती कुठे जाईल हे तिच्या हाती नव्हतं. मला हे ठाऊक आहे की तेव्हा आईनं मालती म्हटलं असतं तरी आत्यानं साखर वाटली असती. कानडीत एक अक्षरही न बोलता वाटली असती.

आई उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय ठेवलं गं नाव?" बायकांनी विचारलं.

आईच्या ओठांवर शब्द आला आणि परत गेला. मग तिनं आत्याचा हात धरला आणि म्हणाली,

"म्हाळसा."

ओसरीवरून मायाक्का ओरडली, "काय म्हनली? मोट्यानं सांग की, हितं ऐकू येत न्हाय!"

"म्हाळसा!" आई म्हणाली. या वेळी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

"व्हय, आता आलं!" मायाक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बायका हात उगारून तशाच उभ्या. नाव सांगितलं आईनं, धपाटे कुणाला घालायचे? आत्यानं पाळण्याच्या कठड्याला धरून पाठ पुढे केली. "मान दिला, धपाटे दिले नाहीत," ती म्हणाली. "घाला!" आणि त्यांनी घातले. आत्या सांगे की तेवढं सुख तिला दुसऱ्या कुठल्याच माराचं झालं नाही.

माझं नाव असं आहे. आईनं माझ्या कानात सांगितलेलं, आत्याच्या पाठीवर पडलेलं आणि दारातल्या धनगरणीनं कबूल केलेलं. मालू म्हणे!

पण गोष्ट इथे संपली असं आत्याला वाटत नव्हतं. जन्माची सवय एका दिवसात कशी जाईल? आई मला हाक मारायची ती घरातल्या घरात, हलक्या आवाजात, कडी लावल्यासारखी. अंगणात आले की पुन्हा "अगं ए". वडील तर मला 'आईसाहेब' म्हणत. मला कधी रागवायची वेळ आली तर त्यांची पंचाईत होई. आईच्या नावाच्या मुलीला रागवायचं कसं? त्याचा मी भरपूर फायदा घेतला. आत्या आली की दारातूनच "म्हाळसा" म्हणे, मी "ओ" म्हणत धावे, पण ती आईकडे बघत राही. एकदा तिनं विचारलंसुद्धा, "तुला हाक मारायची होती ना गं? मग मार की." आई नुसती हसली.

मी पाच वर्षांची असताना मार्गशीर्षातल्या रविवारी आम्ही बाळ्याला गेलो. आई, आत्या आणि मी. देवळापुढे एका वाघ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, आणि त्याच्यामागं एक कुत्रं भुंकत चाललं होतं. मला ते कुत्रं आवडलं. मी त्याच्यामागं गेले. किती लांब गेले कोण जाणे. मागं वळून बघितलं तर माणसांचे पाय आणि भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, बाकी काही नाही. येळकोट येळकोट जय मल्हारचा गजर चालू होता. ढोल वाजत होते. मी रडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्या सगळ्या आवाजावरून एक आवाज आला.

"म्हाळसाऽऽ!"

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, तरी तो कुणाचा ते मला लगेच कळलं.

"म्हाळसाऽऽ! अगं म्हाळसाऽऽ!"

माझ्याजवळच्या लोकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, कुणी भक्तीण देवीला आळवते आहे. मी त्यांच्या पायांमधून वाट काढत पळत सुटले आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"ओऽऽ!"

आई पायरीवर उभी होती. पदर खांद्यावरून घसरलेला, केस मोकळे, अंगभर भंडारा. तिला कशाचंच भान नव्हतं. माझा आवाज ऐकून तिनं पुन्हा हाक मारली, मी पुन्हा ओ दिली, आणि तशा हाकेला ओ देत देत मी जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली. ती तीच पायरी होती की दुसरी, ते मी आईला कधी विचारलं नाही. मी तीच धरून चालते.

आत्या पायरीच्या खाली बसली होती. माझ्याकडे आली नाही, मला ओरडली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आईला वाटलं, घाबरली.

"वन्सं, सापडली हो. ही बघा."

"दिसतंय मला," आत्या म्हणाली. "शकुंतला, आणखी एकदा हाक मार तिला."

"अहो, सापडली की! ही काय समोर उभी आहे."

"उभी आहे ते कळतंय मला. तरी मार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तरी तिनं छाती भरून, सगळ्या यात्रेला ऐकू जाईल अशी हाक मारली, "म्हाळसाऽऽ!"

आत्यानं मान वर केली आणि कान देऊन वाट बघू लागली.

मी म्हटलं, "ओ!"